बालंक्याचं बी मुरेपर्यंत

सिरसा जिल्हा, हरियाणा
१० नोव्हेंबर २०२४

तात्यामामा,

पत्राच्या सुरुवातीला शि. सा. न. असं काहीतरी लिहितात म्हणे. शाळेत ते शिकवलं त्या दिवशी मी वर्गाबाहेर होतो. वाकून नमस्कार केलाय असं धरून चाला.

तुमच्या हुकमावरून लिहितोय. फोनवर तुम्ही म्हणालात, "तू फर्दापूरच्या हॉटेलात हाये म्हणायचास अन् उस्मानपुऱ्याच्या गॅरेजातनं बोलायचास. फोनला गाव नसतंय, पत्राला शिक्का असतोय. दर महिन्याला पत्र टाक. शिक्का बघून मी ठरवीन तू कुठं हायेस." तर घ्या, पाकिटावरचा शिक्का बघा. म्हणजे मंजूला बघायला सांगा. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तेव्हा हे वाचून दाखवणार तुमची लेक मंजूच आणि उत्तर लिहून घेणारही तीच, हे मला ठाऊक आहे.

(मंजू, कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही. कंस आला की खोकल्यासारखं कर आणि पुढं जा. कशी आहेस?)

काम काय ते विचारलंत. इथं नामी वळू पाळतात, त्यांचं वीर्य घेतात, गोठवतात आणि कांड्यांत भरून देशभर धाडतात. आपल्याकडं गाय माजावर आली की डॉक्टर जी कांडी घेऊन येतो, ती अशाच ठिकाणची. माझं काम अंडी फोडायचं. हसू नका. वीर्यात अंड्याचा बलक मिसळावा लागतो. पांढरं चालत नाही, म्हणून बलक टिपकागदावर हळू लोळवायचा, पांढरं टिपून घ्यायचं, मग बलकाला टोचून आतलं पिवळं तेवढं घ्यायचं. उरलेलं पांढरं आमच्या खाणावळीत जातं. रोज त्याचंच ऑम्लेट. आता कोंबडी दिसली तरी मी तोंड फिरवतो.

दुसरी चीज ग्लिसरीन. ती घातली की थंडीत बी, म्हणजे ते वीर्य, मरत नाही. आमच्या हिमानी मॅडम, इथल्या डॉक्टर, म्हणतात सगळा खेळ ग्लिसरीनचा आहे. मग नायट्रोजनच्या टाकीत कांडी टाकली की वळू मेला तरी त्याची वासरं होत राहतात. वीस वर्षांनीसुद्धा.

तुमच्या बालंक्या वळूचा मागचा पाय कसा आहे?

तुमचा मानलेला भाचा,
गोकुळ

•

लासूर स्टेशन
२४ नोव्हेंबर २०२४

गोकुळ,

आशीर्वाद. शिक्का मंजूनं वाचला, भिंग लावून मी पण बघितला. काळं गोल दिसलं. तेवढ्यावर इतबार ठेवतो.

अंड्याचं ऐकून तुझी मामी चतुराबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाय. म्हणती, गोमातेच्या पोटात अंडं घालतात का. मी म्हटलं, मला काय विचारतीस, मी काय फोडायला बसलोय का.

बालंक्याचं इचारलंस. पाय गेलाच म्हण. कुठं काळा ठिपका नसलेला असा देवणी वळू ह्या तालुक्यात दुसरा दाखव, मिशी उतरवतो. त्याच्या पोरी दूध देतात, पोरं नांगराला वाकत नायत. आता मागच्या पायावर भार घेत नाय. हा गेला की घराणं संपलं. वीस वर्षांनी वासरू म्हणतोस ते खरं का? का हॉटेलातल्यासारखी थाप?

दुसरं. मंजूला वैजापूरचं स्थळ आलंय. मधे आमचे पुंडलिकराव. पोरगा अतुल, पतपेढीत कारकून, लागल्यापासून एकाच खुर्चीत बसलाय. तुझ्यासारखं पायाला भिंगरी नाय. पौष संपला की बघायला येणार.

तुझी आई बरी हाये. रोज आमच्या ओसरीत बसून तुझ्या नावानं बोटं मोडती.

तात्यासाहेब

(तात्या चुना शोधतायत तोवर लिहिते. मी बरी आहे, पण तुझ्या कंसांपायी आईनं मला अडुळशाचा काढा सुरू केलाय. सकाळ-संध्याकाळ. कडूजहर. तेव्हा कंस कमी कर. आणि ऐक. तू एका जागी टिकून दाखव, मग मी तात्यांपुढं तोंड उघडीन. आधी उघडलं तर ते विचारतील, कुठं राहशील, बसस्टँडवर? मला उत्तर देता येणार नाही. चुना सापडला.)

•

सिरसा जिल्हा
४ डिसेंबर २०२४

तात्यामामा,

थाप नाही. बी गोठलं की गोठलं. आमच्याकडं मरून किती वर्षं झालेल्या वळूच्या कांड्या आहेत, त्याच्या पोरी दूध देतायत. करायला अवघड काहीच नाही. बलक, साखर, ग्लिसरीन, थंडी. एवढं कोणीही करील.

एक गोष्ट मात्र इथं कडक. वळूचं घराणं बघितल्याशिवाय कांडी द्यायची नाही. त्याच्याच पोरीला, बहिणीला त्याचं बी चालत नाही. रक्त जवळ आलं की वासरं लेचीपेची होतात. भिंतीवर मोठा तक्ता आहे, कोण कोणाचा कोण. आपल्या गावातल्या लग्नात बायका सांगतात तेवढं सगळं त्या तक्त्यावर आहे.

(मंजू, ही बातमी तुझ्यासाठी. गुडगावला फर्दापूरचा दोस्त गाडी चालवतो. मला बोलावतोय. पगार बरा. इथं कामाचं काही वाटत नाही, पण वाट बघणं जीव खातं. सगळं मिसळलं की कांड्या थंड कपाटात ठेवून नुसतं बसायचं. कपाटाचं दार उघडायचं नाही. मी परवा तीनदा उघडून बघितलं, झालं का बघायला. मॅडमनी त्या कांड्या फेकून दिल्या आणि मला हिंदीत असं काही बोलल्या की कोणाला विचारायचीही लाज वाटली. जाऊ का गुडगावला? आणि अडुळशात मध घाल.)

मामीला सांगा, अंडं पोटात जात नाही, कांडीत राहतं.

गोकुळ

•

लासूर स्टेशन
२० डिसेंबर २०२४

गोकुळ,

आशीर्वाद देणार नव्हतो. मंजूनं आधीच लिहून टाकलाय, राहू दे.

तू लिहिलंस एवढं कोणीही करील. मी केलं. धोंडिबा पूर्वी जनावरांच्या दवाखान्यात होता, त्याला बी घ्यायची कला येती. एक माजावरची गाय उभी केली. बालंक्याला चढवलं. मी एका अंगानं, शेजारचा सर्जेराव दुसऱ्या अंगानं टेकू देऊन उभे. धोंडिबानं बी घेतलं, फर्स्टक्लास. बलक तुझ्या आईनं काढून दिला. तुझ्या मामीनं भांडं दिलं नाय, म्हणून देवळामागच्या नळावर नारळाच्या करवंटीत कालवलं. ग्लिसरीन मेडिकलमधनं आणलं. गुलाबाच्या वासाचं होतं, ओठाला लावायचं. म्हटलं बालंक्याला गुलाबाचं वावडं नसंल.

मग स्टेशनातल्या कुल्फीवाल्याच्या फ्रीजरात बाटली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडं गिऱ्हाईकानं इचारलं, ही केसर-गुलाब कितीला. तिथंच मला घाम फुटला.

बाटली घेऊन शहरात गेलो. तिथं डॉक्टर देवेश म्हणून हायेत, त्यांची अशी कांड्यांची खाजगी लॅब हाये. त्यांनी दुर्बिणीखाली बघितलं. म्हणले, तात्यासाहेब, एक पण हलत नाय. सगळं खलास. मी म्हटलं, गुलाबामुळं का. ते हसले नायत. हसले असते तर बरं झालं असतं.

अन् बालंक्याचा पाय त्या उडीत गेला. आता तो कधी चढणार नाय. एकच संधी होती, ती तुझ्या इतबारावर मातीत घातली. यापुढं शिक्का पण बघणार नाय.

तात्यासाहेब

(तात्या दोन दिवसांपासून गोठ्यात जाऊन बसतात. बालंक्याशी बोलतात. गुडगावचं विचारलं होतंस. जा की. तात्यांनी शिक्का बघायचा सोडलाय, आता तुला कोण अडवतंय? मीही काही विचारणार नाही. पौष संपला की वैजापूरवाले येतायत.)

•

सिरसा जिल्हा
२९ डिसेंबर २०२४

तात्यामामा,

गुडगावला गेलो नाही. हे आधी लिहितो, शिक्का बघत नाही म्हणालात म्हणून.

तुमचं पत्र घेऊन मॅडमकडं गेलो. म्हटलं, मी अर्धवट लिहिलं, त्यापायी एक वळू गेला. त्यांनी पत्र हिंदीत सांगायला लावलं. करवंटीपर्यंत ऐकून घेतलं. गुलाबाला खुर्ची सोडून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. मग मला बसवून पहिल्यापासून सांगितलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. जे कळलं नाही ते या वेळी लिहीत नाही.

मामीनं फ्रीजात काचेची बाटली काठोकाठ भरून ठेवली होती, ती फुटली, आठवतं? पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं, आणि त्याच्या सुया होतात. वीर्यातला एकेक जीव म्हणजे तशीच बारकी बाटली, आत पाणी. नुसती थंडी दिली की आतून फुटतो, बाहेरून सुया टोचतात. ग्लिसरीन आत शिरतं आणि सुया होऊ देत नाही. बलक वरून, थंडीचा पहिला दणका सोसायला, गोधडीसारखा.

पण ग्लिसरीन मुळात परकं. जास्त झालं तर तेच मारतं. गरम असताना घाईनं ओतलं तरी मारतं. म्हणून मोजून घालायचं, आणि सगळं हळूहळू गार करून तसंच ठेवून द्यायचं. त्याला इंग्रजी नाव आहे, मला म्हणता येत नाही. मी मुरवणं म्हणतो. लोणचं मुरतं तसं. बी ग्लिसरीनला सवयीचं होतं, ग्लिसरीन बीला. तो वेळ दिला की मग नायट्रोजनच्या वाफेवर धरायचं आणि बुडवायचं. कुल्फीच्या फ्रीजरात ती थंडी नाही आणि मुरायला तुम्ही वेळही दिला नाही. चूक तुमची नाही. मी "थंडी" एवढंच लिहिलं होतं.

आता मुद्दा. बालंक्या चढू शकत नाही म्हणून संपलं असं नाही. उभ्या जनावराचं बी घ्यायचं यंत्र असतं. डॉक्टर देवेश मॅडमच्या ओळखीचे निघाले. त्यांची गाडी तुमच्याकडं येईल. आधी रक्त तपासतील, रोग नसला तरच. मॅडम म्हणाल्या, मी शब्द टाकते, पण गोकुळ, तूही शब्द टाक. मुरवायच्या कपाटाचं काम वर्षभर तुझं. मध्येच पळालास तर मला तोंड दाखवू नकोस. मी हो म्हणालो.

(मंजू, वर्षभर म्हटलंय. खोकू नकोस, नुसतं पान उलट.)

गोकुळ

•

लासूर स्टेशन
६ फेब्रुवारी २०२५

गोकुळ,

या वेळी सगळं पत्र माझं आहे, कंस नाहीत. तात्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला शहरात गेलेत, उस्मानपुऱ्यात मावशीकडं राहतायत. तुझं मागचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी कान देऊन ऐकलं. नुसतं म्हणाले, "लोणच्याचं परत वाच." तीनदा वाचलं.

बालंक्याचं रक्त चांगलं निघालं आणि परवा गाडी आली. नेमकं त्याच दिवशी वैजापूरवाले. पुंडलिककाकांनी दिवस कळवला होता, तात्या विसरले होते. विसरले असं ते म्हणतात.

बी घेतलं. डॉक्टर देवेशनी मला दुर्बिणीतून बघू दिलं. गोकुळ, पावसाळ्यात डबक्यात बेडकाची पिल्लं सळसळतात तसं. नंतर मिसळामिसळ झाली, कांड्या भरल्या, आणि त्यांचं थंड कपाट आमच्या ओसरीत विजेवर लावलं. दिसायला साध्या फ्रीजसारखंच. डॉक्टर म्हणाले, आता दुपार होईपर्यंत हात लावायचा नाही. तात्यांनी खुर्ची ओढली आणि कपाटासमोर बसले. मांजर आलं तरी हाकलत होते.

तेवढ्यात पाहुणे. अतुलराव, त्यांची आई, पुंडलिककाका. आईनं चटई टाकली, तात्या खुर्चीवरूनच "या, बसा." उठले नाहीत. त्यांच्या आईच्या भुवया तिथंच वर गेल्या. अतुलराव गाडीवरून आलेले, घामाघूम. त्यांनी ओसरीतला फ्रीज बघितला, म्हणाले, "थंड पाणी असेलच," आणि सरळ मुठीला हात घातला.

तात्यांना नीट दिसत नाही म्हणतात. पण त्यांनी मनगट असं पकडलं की कारकून जागच्या जागी.

"हात काढा."

"पाणी हवं होतं मामा."

"पाणी माठात हाये. ह्यात बालंक्या हाये."

कोणाला काही कळेना. पुंडलिककाका म्हणाले, "अहो तात्या, पोराला पाणी तरी घेऊ द्या." तात्या म्हणाले, "दुपारपर्यंत देवाला पण उघडू देणार नाय. मुरतंय." अतुलरावांच्या आईनं मला विचारलं, "काय मुरतंय ग, लोणचं?" मी खरं सांगितलं. वीर्य, बलक, ग्लिसरीन. सगळं. सुया कशा होतात तेपण. आई आतून खुणा करत होती, मी थांबले नाही. पोहे तसेच राहिले. जाताना त्या माउली म्हणाल्या, "आम्ही कळवतो." तात्या म्हणाले, "सावकाश कळवा."

दुपारी कांड्या वाफेवर धरल्या, बुडवल्या. एक परत वितळवून बघितली. बेडकाची पिल्लं, आधीच्या निम्मी. माझा चेहरा पडला. डॉक्टर म्हणाले, निम्मी म्हणजे उत्तम. तात्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि म्हणाले मोतीबिंदूचं पाणी आहे.

वैजापूरचा निरोप काल आला. नाही म्हणून. आई रडली. तात्या हॉस्पिटलला जायची पिशवी भरत होते, काहीच बोलले नाहीत. त्यांचं गप्प राहणं मला कळत नाही. रागावलेत का, आणि कोणावर?

काढा बंद केलाय. खोकला थांबला असं मीच सांगितलं.

मंजुषा

•

लासूर स्टेशन
२ मार्च २०२५

गोकुळ,

हे अक्षर माझं. एका डोळ्याची पट्टी निघाली. ओळ वरखाली जाती, तू सांभाळून घे. आधी तुझ्या मागच्या पाकिटावरचा शिक्का बघितला, स्वतःच्या डोळ्यानं. सिरसा. बरं.

आता ऐक. मला दिसत नव्हतं, कानाला काय झालं नव्हतं. तुझं पत्र आलं की माझी पोरगी खोकायची. पत्र संपलं की खोकला साफ. असा खोकला मी साठ वर्षांत ऐकला नाय. तुझी मामी अडुळसा वाटून दमली, मी म्हटलं पाज, पाज, आपलं काय जातंय. अन् मी बोलायचा थांबलो तरी पेन चालूच. तुला काय वाटलं, मला चुना सापडत नव्हता? डबी मांडीखाली घेऊन बसायचो.

काय लिहीत होता ते मी वाचलं नाय, वाचणारपण नाय. पत्रं मंजूच्या पेटीत हायेत, किल्ली तिच्याकडंच राहू दे.

एक फिकीर होती, ती सांगतो. तुझी आई मला राखी बांधती. लोक म्हणतील घरच्या घरात. म्हणून डॉक्टर देवेशांना तुझ्या त्या तक्त्याचं इचारलं. ते म्हणले, तात्यासाहेब, राखीनं रक्त जवळ येत नाय. मग मी पण तक्ता मांडला. तुझं घराणं बुलढाण्याकडचं, आमचं इथलं. आडव्या-उभ्या कुठंच रेघ लागत नाय. कांडी देता येती, असं धर.

पण तुझाच नियम तुला लावतोय. तू परकं हायेस. एकदम ओतलं तर घराला बाधशील. म्हणून मुरवणार. बालंक्याची पहिली कांडी सर्जेरावाच्या गाईला दिली, गाय परत माजावर आली नाय, म्हणजे ठरली. वासरू होऊन स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत तू तिथंच. अधनंमधनं येऊन दार उघडून बघायचं नाय. फोन चालंल, पण शिक्का हवाच.

अन् हे झालं की येऊन मागणी घाल, तोंड वर करून. तुझ्या मामीला अंड्याचं तू समजव. ते माझ्याच्यानं होणार नाय.

बालंक्या लंगडत कडुलिंबाखाली जातो, रवंथ करतो. त्याला काय माहीत तो फ्रीजात हाये.

मंजूला वेगळं पाकीट टाकत जा. माझ्या पत्रातली जागा खाऊ नको.

तात्यासाहेब

•

सिरसा जिल्हा
११ मार्च २०२५

तात्यामामा,

तुमचं पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मॅडमनी विचारलं काय झालं, मी म्हटलं मला कांडीत भरलंय. त्यांना वाटलं माझं हिंदी बिघडलं.

जास्त लिहीत नाही. सकाळी बलक टिपला, मोजून ग्लिसरीन घातलं, कांड्या कपाटात ठेवल्या. आत्ता मी कपाटासमोर स्टुलावर बसून हे लिहितोय. हात दोनदा मुठीकडं गेला. तुम्ही अतुलरावांचं मनगट कसं धरलंत ते मंजूनं लिहिलेलं आठवलं आणि हात परत आला.

मंजूचं पाकीट वेगळं टाकलंय. ते जड आहे, पोस्टमननं जास्तीचं तिकीट लावायला लावलं. त्यात काय आहे ते तिला विचारू नका. ती खोकेल.

अजून बराच वेळ आहे. बसतो.

गोकुळ